इंकस्केपमध्ये रूलर, गाइड, ग्रिड आणि स्नॅप: आधी काय लावायचं, नंतर काय

इंकस्केप या चित्रं आणि मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅप चालू आहे, गाइड (मापासाठीच्या मदतरेषा) ओढलेल्या आहेत, पडद्यावर सगळं सरळ दिसतंय; आणि छापून आलेल्या कार्डावर चौकट एका बाजूला अर्धा मिलिमीटर सरकलेली. असं झालं की खापर स्नॅपवर फुटतं. पण स्नॅप स्वतः काहीच मोजत नाही. तो वस्तू नेऊन गाइडला चिकटवतो, एवढंच. गाइड चुकीच्या आकड्यावर असेल, तर वस्तूही त्याच चुकीच्या आकड्यावर अगदी अचूक जाऊन बसते. म्हणून क्रम महत्त्वाचा: एकक, पान, बाउंडिंग बॉक्स (वस्तूची कड ठरवणारी न दिसणारी चौकट), गाइड, मग ग्रिड (सारख्या अंतराच्या रेषांची जाळी) आणि सगळ्यात शेवटी स्नॅप. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

पुढच्या पायऱ्या इंकस्केप १.२ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहेत. उदाहरण व्हिजिटिंग कार्डाचं घेतलंय, कारण छोट्या कामात चूक लपत नाही. कोरलड्रॉवाल्यांसाठी काही गोष्टी शेवटी दिल्या आहेत.

## १. संगणकाला हात लावण्याआधी: आकडे कागदावर

कार्डाचं माप छापखान्याला विचारून घ्या. कुणी साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे ८८.९ × ५०.८ मिमी घेतं, तर कुणाचं कटिंग दुसऱ्याच मापाला लावलेलं असतं. ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर ठेवलेला, कापताना जाणारा जादा भाग) किती हवा, तेही तेव्हाच विचारा. इथं आपण असं धरू:

- कापल्यानंतरचं कार्ड: ९० × ५४ मिमी
- ब्लीड: चारही बाजूंनी ३ मिमी
- सुरक्षित समास: कापायच्या रेषेपासून आत ५ मिमी

यावरून फाइलचं पान ९६ × ६० मिमी होतं. डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजलं, तर गाइडचे आकडे असे येतात:

- उभ्या गाइड: ३ आणि ९३ (कटिंग), ८ आणि ८८ (समास), ४८ (मध्य)
- आडव्या गाइड: ३ आणि ५७ (कटिंग), ८ आणि ५२ (समास), ३० (मध्य)

तपासणी: ८८ वजा ८ म्हणजे ८०, ५२ वजा ८ म्हणजे ४४. मजकुरासाठी ८० × ४४ मिमी जागा उरते. हे दोन आकडे ग्रिड लावताना लागणार आहेत.

पान कापलेल्या कार्डाएवढं, म्हणजे ९० × ५४ ठेवून ब्लीड पानाबाहेर काढायची पद्धतही आहे. पण एक्स्पोर्ट करताना एक खूण चुकली की पानाबाहेरचा भाग गळतो आणि ते कळतं छपाईच्या वेळी. ब्लीडसकट पान घेतलं की ती शक्यताच राहत नाही.

## २. एकक आणि पान

नवी फाइल उघडा आणि ‘फाइल’ मेनूतून ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये जा (कंट्रोल + शिफ्ट + डी).

१. पानाच्या मापाशेजारचं एकक आधी मिमी करा.
२. रुंदी ९६, उंची ६० लिहा.
३. ‘डिस्प्ले युनिट्स’ हा पर्याय वेगळा असतो; तोही मिमीवर आणा. रूलरवरचे आकडे यावर ठरतात.

आधी ९६ लिहून मग एकक बदललं, तर इंकस्केप तोच आकडा दुसऱ्या एककात फिरवतो: ९६ पिक्सेलचे २५.४ मिमी होतात. पान अचानक टिकलीएवढं दिसलं तर हे झालंय असं समजा.

इशारा: जुनी फाइल उघडून त्यात काम करत असाल तर मापं आधी तपासा. ०.९२ या आवृत्तीपासून इंकस्केप एका इंचात ९६ पिक्सेल धरतो. त्याआधी ९० धरत असे. जुनी फाइल उघडताना रूपांतराबद्दल विचारणा होते. घाईत ‘ओके’ दाबून पुढे गेलात तर सगळं चित्र ठरलेल्या मापापेक्षा लहान झालेलं असू शकतं.

## ३. रूलर: शून्य कुठे आहे ते पाहा

रूलर दिसत नसतील तर कंट्रोल + आर दाबा. शिफ्टला चुकून बोट लागू देऊ नका. कंट्रोल + शिफ्ट + आर दाबलं की पान निवडलेल्या वस्तूच्या मापाचं होऊन बसतं, शून्याची जागा हलते आणि आतापर्यंतच्या सगळ्या गाइडचे आकडे बदलतात. पडद्यावर काही मोडल्यासारखं दिसत नाही, म्हणून हे बराच वेळ लक्षातही येत नाही. झालंच तर लगेच कंट्रोल + झेड.

आता शून्य. इंकस्केप १.० पासून शून्य पानाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात असतं आणि वायचा आकडा खाली जाताना वाढतो. त्याआधी शून्य डाव्या-खालच्या कोपऱ्यात होतं. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ जुन्या आवृत्तीचे आहेत. त्यांतला ‘वाय ८’ तुमच्याकडे वाय ५२ असेल. ही दिशा ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘इंटरफेस’खाली बदलता येते. एकाच कार्यालयात चार जण एकमेकांच्या फाइली उघडत असतील, तर चौघांची दिशा एकच ठेवा.

तपासणी: माउसचा बाण पानाच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यावर न्या. खालच्या पट्टीत एक्स ९६ आणि वाय ६० च्या आसपास दिसायला हवं. ३६२ आणि २२६ दिसत असेल, तर रूलर अजून पिक्सेलमध्येच आहे.

## ४. बाउंडिंग बॉक्स: अर्धा मिलिमीटर इथं हरवतो

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची म्हटली, तर ही ठेवा.

वस्तूची कड कुठे धरायची, याची इंकस्केपमध्ये दोन उत्तरं आहेत. ‘व्हिज्युअल’ बाउंडिंग बॉक्स रेषेची जाडी धरून मोजतो, ‘जिऑमेट्रिक’ बॉक्स जाडी सोडून नुसता मार्ग (आकाराची मूळ रेषा) मोजतो. सुरुवातीची निवड व्हिज्युअलची असते. ती ‘प्रेफरन्सेस’मध्ये (कंट्रोल + शिफ्ट + पी) ‘टूल्स’खाली बदलता येते.

४० मिमी रुंदीचा आयत काढा, त्याला एक पिक्सेल जाडीची रेषा द्या आणि वरच्या पट्टीत रुंदी वाचा. ४० ऐवजी ४०.२६५ दिसेल. एक पिक्सेल म्हणजे ०.२६५ मिमी, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा पिक्सेल बाहेर आलेला असतो. आकड्याच्या शेपटीला ०.२६५ किंवा ०.५२९ लोंबकळताना दिसलं की कारण शोधत बसू नका, रेषेची जाडीच मोजात आली आहे. अशा वेळी रुंदीच्या खान्यात ४० लिहून ‘दुरुस्त’ करणं ही पुढची चूक, कारण त्यानं आतला मार्ग लहान होतो.

कोणता निवडायचा?

- चौकटी, तक्ते, एकमेकांना टेकणारे आकार, लेझर किंवा प्लॉटरवर कापायचं काम: जिऑमेट्रिक.
- जाड रेषेची बाहेरची कड समासाला टेकवायची असेल तर: व्हिज्युअल.

कार्डाच्या समासाला १ मिमी जाडीची चौकट लावायची आहे असं समजा. जिऑमेट्रिकमध्ये मार्ग ८ मिमीच्या गाइडवर बसतो आणि शाई ७.५ ते ८.५ मिमीवर पडते. व्हिज्युअलमध्ये बाहेरची कड ८ वर येते आणि शाई ८ ते ९ वर. दोन्ही बरोबर आहेत. एकाच फाइलमध्ये मधूनच निवड बदलली की मात्र बिघडतं: डावी कड एका हिशोबानं, उजवी दुसऱ्या. आमचा सल्ला सरळ आहे. जिऑमेट्रिक ठेवा आणि जाडीचा हिशोब स्वतः करा. आकडे स्वच्छ राहतात, आणि स्वच्छ आकडा बिघडला की चटकन दिसतो.

आणखी एक खूण इथंच पाहून घ्या. निवडीचं हत्यार हातात असताना वरच्या पट्टीत ‘आकार बदलताना रेषेची जाडीही बदला’ या अर्थाचं बटण असतं. ते चालू असेल तर चौकट मोठी करताना रेषाही जाड होते. कार्डासारख्या कामात ते बंद बरं.

## ५. गाइड: ओढायची हातानं, बसवायची आकड्यानं

१. डावीकडच्या रूलरवरून उभी गाइड ओढून पानावर कुठेही सोडा. जागा नेमकी धरायचा प्रयत्न करू नका, वेळ वाया जातो.
२. गाइडवर डबल क्लिक करा. खिडकी उघडते.
३. एकक मिमी आहे का पाहा. ‘रिलेटिव्ह चेंज’ची खूण काढलेली आहे का पाहा.
४. एक्समध्ये ३ लिहा, ‘ओके’.
५. याच रीतीनं ९३, ८, ८८ आणि ४८ घाला. आडव्या गाइड वरच्या रूलरवरून ओढा आणि वायमध्ये ३, ५७, ८, ५२, ३० लिहा.

‘रिलेटिव्ह चेंज’ चालू राहिलं तर ८ लिहिल्यावर गाइड ८ वर जात नाही, आहे तिथून ८ मिमी पुढे सरकते. गाइड पानाबाहेर पळाली तर बहुधा हेच.

खिडकीत नाव आणि रंगही देता येतो. दहा निळ्या रेषांत कटिंगची कुठली आणि समासाची कुठली, हे तासाभरानं कुणालाच आठवत नाही. कटिंगच्या चार गाइड लाल करा, तेवढं पुरे.

बारीकसारीक, पण रोज लागणारं:

- पानाच्या चारही कडांना गाइड हव्या असतील तर ‘एडिट’ मेनूत त्यासाठी तयार आज्ञा आहे.
- एखाद्या आकाराच्या कडांवरच गाइड हवी असेल तर आकार निवडून शिफ्ट + जी. यात मूळ आकार नाहीसा होतो, म्हणून आधी कंट्रोल + डी नं त्याची प्रत काढा.
- शिफ्ट दाबून गाइड ओढली की ती फिरते. नेमका कोन हवा असेल तर खिडकीतल्या कोनाच्या खान्यात लिहा.
- नको असलेली गाइड कंट्रोल + क्लिकनं काढता येते.

दहाही गाइड बसल्या की लगेच कुलूप लावा. दोन्ही रूलर मिळतात त्या कोपऱ्यात कुलपाचं छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. कुलूप नसेल तर गाइडला चिकटलेली वस्तू उचलायला गेलात की वस्तूऐवजी गाइडच हातात येते आणि दोन-चार मिलिमीटर सरकते. मग पुढची प्रत्येक वस्तू त्या सरकलेल्या गाइडला इमानेइतबारे चिकटत राहते.

तपासणी: कुठलाही आयत काढून त्याला एक्स ८, वाय ८, रुंदी ८०, उंची ४४ असे आकडे द्या. चारही कडा समासाच्या गाइडवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. बसल्या की आयत पुसून टाका.

## ६. ग्रिड: गरज असेल तरच

नाव, हुद्दा आणि तीन ओळींचा पत्ता एवढंच असलेल्या कार्डाला ग्रिड लागत नाही, गाइड पुरतात. चिन्हं, आयकॉन, तक्ते, नकाशे किंवा सारख्या अंतरानं येणाऱ्या वस्तू असतील तेव्हा ग्रिड घ्या. सवय म्हणून चालू ठेवलेली ग्रिड पुढे स्नॅपच्या आड येते.

‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मधल्या ‘ग्रिड्स’मध्ये नवी आयताकृती ग्रिड घ्या आणि असे आकडे भरा:

- एकक: मिमी
- उगम: एक्स ८, वाय ८
- अंतर: एक्स ४, वाय ४
- दर ५ रेषांनी एक ठळक रेषा

उगमाचे आकडे बहुतेक जण शून्यच ठेवतात. इथं योगायोगानं ८ ला ४ नं भाग जातो, म्हणून ग्रिड तरीही समासावर पडेल. पण ठळक रेषा ०, २०, ४० अशा येतील आणि समासाशी त्यांचा संबंध राहणार नाही. उगम ८ वर ठेवला की त्या ८, २८, ४८, ६८, ८८ वर येतात. ८० मिमीची जागा चार सारख्या स्तंभांत वाटली जाते आणि मधली ठळक रेषा आपोआप कार्डाच्या मध्यावर, ४८ वर येते. ४ मिमी हे अंतरही म्हणूनच घेतलं: ८० आणि ४४ या दोन्हींना ४ नं भाग जातो. ५ घेतलं असतं तर उंचीत ४ मिमी उरले असते.

१.४ या आवृत्तीत ‘मॉड्युलर’ ग्रिडही आली आहे. तिच्यात खान्यांच्या मधली फट वेगळी ठरवता येते. पुस्तिका किंवा पोस्टरच्या मांडणीला ती सोयीची, कार्डाला नको.

इशारा: ग्रिडच्या तपशिलात ‘एनेबल्ड’ आणि ‘व्हिजिबल’ अशा दोन वेगळ्या खुणा असतात. ‘व्हिजिबल’ काढली आणि ‘एनेबल्ड’ राहिली, तर न दिसणाऱ्या ग्रिडला वस्तू चिकटत राहतात. रिकाम्या जागेत वस्तू अडखळतेय असं वाटलं तर आधी इथं पाहा.

‘फक्त दिसणाऱ्या रेषांना स्नॅप’ असाही एक पर्याय आहे. तो चालू असेल आणि तुम्ही झूम बराच कमी केला, तर बारीक रेषा लपतात, ठळक तेवढ्या उरतात आणि वस्तू ४ ऐवजी २० मिमीच्या उड्या मारते. बिघाड नाही; झूम वाढवा.

## ७. स्नॅप: एका वेळी दोनच गोष्टी

पडद्याच्या उजव्या-वरच्या कोपऱ्यात लोहचुंबकाचं चिन्ह आहे. त्यावर क्लिक केलं की स्नॅप चालू किंवा बंद होतो. कीबोर्डवरून % या खुणेनं. शेजारच्या बाणावर पर्यायांची यादी उघडते. ती साध्या रूपात असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करून घ्या, म्हणजे प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते.

यादीत सगळ्या खुणा करून टाकणं ही सर्रास होणारी चूक. स्नॅपला दोन टोकं असतात: वस्तूचा कुठला बिंदू चिकटणार आणि तो कशाला चिकटणार. दोन्ही टोकं चालू हवीत, आणि दोन्हीकडे गर्दी नको. ‘गाइड्स’ चालू आहे, पण ‘बाउंडिंग बॉक्सेस’ आणि ‘नोड्स’ (मार्गावरचे बिंदू) दोन्ही बंद, तर चिकटायला वस्तूकडे बिंदूच नाही. उलट सगळं चालू असेल तर कोपरा गाइडकडे नेताना शेजारच्या आकाराचा मध्यबिंदू त्याला आधी ओढून घेतो.

कामानुसार जोड्या ठरवा:

- चौकटी आणि आकार समासाला टेकवताना: बाउंडिंग बॉक्सचे कोपरे व कडा + गाइड. नोड्स बंद.
- मार्गाची टोकं जुळवताना, चित्र काढताना: टोकदार नोड + मार्ग. बाउंडिंग बॉक्स बंद.
- आयकॉन ग्रिडवर काढताना: नोड्स + ग्रिड. गाइड बंद.
- वस्तू मध्यावर आणताना: वस्तूचा मध्यबिंदू + गाइड.

वस्तू ओढताना ती जिथं चिकटते तिथं छोटी चिठ्ठी उमटते, ‘बाउंडिंग बॉक्स कॉर्नर टू गाइड’ अशा धर्तीची. पहिला भाग काय चिकटलं ते सांगतो, दुसरा कशाला. माउस सोडण्याआधी क्षणभर थांबून ती वाचा. ‘टू गाइड’च्या जागी ‘टू पाथ’ दिसलं तर वस्तू भलतीकडे चिकटली आहे.

ज्या कोपऱ्याला टेकवायचं, वस्तू त्याच कोपऱ्याजवळ धरून ओढा. आयत मधोमध धरून ओढला तर कुठला कोपरा कुठे चिकटेल हे सांगता येत नाही. गुंतागुंतीच्या चित्रात ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘बिहेवियर’खालच्या ‘स्नॅपिंग’मध्ये ‘माउसजवळच्या बिंदूलाच स्नॅप’ या अर्थाचा पर्याय आहे, तो चालू करा.

स्नॅपचं अंतर पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये मोजलं जातं, मिलिमीटरमध्ये नाही. १०० टक्के झूमला १ मिमी म्हणजे साधारण पावणेचार पिक्सेल. म्हणजे ४ मिमीच्या ग्रिडच्या दोन रेषांत जेमतेम १५ पिक्सेल. तिथं कुठलीही वस्तू कुठल्याही रेषेला चिकटणारच. बारीक काम ४०० टक्क्यांच्या वर झूम करून करा. ५ दाबलं की पुन्हा पूर्ण पान दिसतं.

एखाद्या वेळी स्नॅप नकोच असेल तर ओढताना शिफ्ट दाबून धरा. तेवढ्यापुरता तो गप्प बसतो. दर वेळी यादीत जाऊन खुणा काढण्यापेक्षा हे सोपं.

## ८. देवनागरी मजकूर: शिरोरेखा गाइडवर कशी आणायची

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हे सापडणार नाही, आणि मराठी कार्डावर डोळ्याला पहिलं खटकतं ते हेच.

‘फराळ’ आणि ‘मिठाई’ हे दोन शब्द वेगवेगळ्या मजकूर-खोक्यांत शेजारी ठेवायचे आहेत. दोन्ही निवडून वरच्या कडा जुळवल्या, किंवा बाउंडिंग बॉक्सचा कोपरा गाइडला चिकटवला, तर काय होतं? ‘फराळ’मध्ये शिरोरेखेच्या वर काहीच नाही, त्यामुळे त्याची वरची कड म्हणजेच शिरोरेखा. ‘मिठाई’ची वरची कड मात्र वेलांटीच्या माथ्यावर. माथा शिरोरेखेच्या ओळीत आला, ‘मिठाई’ची शिरोरेखा खाली उतरली, आणि दोन शब्दांत पायरी पडली. खालच्या कडा जुळवून सुटका नाही. उकार असलेला शब्द तिथं घोटाळा करतो.

फाँट आणि आकार एकच असेल तर सोपं आहे. स्नॅपच्या यादीत मजकुराची ‘बेसलाइन’ (ओळीची न दिसणारी आधाररेषा) चालू करा, बाउंडिंग बॉक्स बंद करा आणि दोन्ही शब्द एकाच आडव्या गाइडला चिकटवा. बेसलाइन जुळली की शिरोरेखाही जुळते.

फाँट किंवा आकार वेगळा असेल तर बेसलाइन उपयोगाची नाही. एकाच पॉइंट आकारात दोन फाँटच्या शिरोरेखा वेगवेगळ्या उंचीवर असतात. मजकूर जिवंत, म्हणजे टाइप करून बदलता येण्याजोगा असताना शिरोरेखेला स्नॅप करता येत नाही, कारण मजकुराला नोड नसतात. मग असं करा:

१. फाँट, आकार, जाडी सगळं आधी पक्कं करा. नंतर बदललं तर ही सगळी पायरी पुन्हा करावी लागेल.
२. शब्द निवडा, कंट्रोल + डी. प्रत नेमकी मूळ शब्दावरच पडते. ती हलवू नका.
३. प्रत निवडलेली असतानाच कंट्रोल + शिफ्ट + सी. प्रतीचे मार्ग होतात, मूळ मजकूर तसाच राहतो.
४. नोडचं हत्यार घ्या (एन) आणि प्रतीतल्या एखाद्या अक्षराच्या शिरोरेखेच्या वरच्या सपाट कडेवरचा नोड निवडा. वेलांटी किंवा मात्रा जिथं फुटते तिथला वळणदार नोड नको.
५. वरच्या पट्टीत त्याचा वाय वाचा, एकक मिमी ठेवून. समजा १८.३७ आलं.
६. प्रत पुसून टाका.
७. शिरोरेखा २० मिमीवर हवी असेल तर फरक १.६३. मूळ मजकूर निवडा, ‘ट्रान्स्फॉर्म’ची खिडकी उघडा (कंट्रोल + शिफ्ट + एम), ‘मूव्ह’मध्ये सापेक्ष हालचालीची खूण ठेवा, उभ्या खान्यात १.६३ लिहा आणि लागू करा.

वायचा आकडा खाली वाढतो, म्हणून धन आकड्यानं मजकूर खाली जातो. मजकूर यात जिवंतच राहतो. उद्या ‘मिठाई’ची वेलांटी चुकलेली निघाली तरी शब्द पुन्हा जुळवावा लागणार नाही, आकार आणि फाँट तेच असेपर्यंत.

तपासणी: २० मिमीवर तात्पुरती आडवी गाइड टाका, ८०० टक्के झूम करा. दोन्ही शब्दांच्या शिरोरेखेची वरची कड गाइडला लागलेली दिसायला हवी. आता दुसराच प्रश्न डोकं वर काढतो: मोठ्या शब्दाची शिरोरेखा जाड आणि लहान शब्दाची बारीक, मग वरच्या कडा जुळवायच्या की रेषांचा मध्य? वरच्या कडाच जुळवा. खालचा फरक डोळा सोडून देतो.

## ९. स्नॅप होत नाही? या क्रमानं पाहा

१. चुंबक चालू आहे का. % चुकून दाबलं जातं आणि कुठलाही आवाज न होता स्नॅप बंद होतो.
२. गाइड लपवलेल्या तर नाहीत ना. | दाबून गाइड लपवल्या की त्यांना स्नॅपही होत नाही. # दाबून लपवलेल्या ग्रिडचंही तसंच.
३. दोन्ही टोकं चालू आहेत का (पायरी ७).
४. शिफ्ट दाबलेलं नाही ना.
५. झूम पुरेसा आहे का.
६. चिकटतं, पण आकडा वेडावाकडा येतो? गाइडवर डबल क्लिक करून तिचा आकडा वाचा. ८ च्या जागी ८.१३ असेल तर ती हातानं हललेली आहे.
७. गाइड बरोबर, तरी अंतर दिसतं? बाउंडिंग बॉक्सची निवड पाहा (पायरी ४).

बाणाच्या कळांनी वस्तू सरकवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: एका दाबाला वस्तू सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे २ पिक्सेल, म्हणजे ०.५२९ मिमी सरकते, आणि बाणाच्या कळांना स्नॅप लागू होत नाही. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘बिहेवियर’खालच्या ‘स्टेप्स’मध्ये तो आकडा ०.५ मिमी करून ठेवा.

## १०. फाइल पुढे देण्याआधी

गाइड आणि ग्रिड छापल्या जात नाहीत, पीडीएफमध्येही जात नाहीत. त्यामुळे ‘गाइड पाहून कापा’ असं छापखान्याला सांगून उपयोग नाही. कटिंगच्या खुणा हव्या असतील तर त्या वेगळ्या काढाव्या लागतात. पार्श्वभूमीचा रंग किंवा फोटो पानाच्या ०, ९६, ० आणि ६० या चारही कडांपर्यंत पोचलाय का, ते आकडे वाचून तपासा. कटिंगच्या गाइडवर थांबलेली पार्श्वभूमी कापल्यावर कडेला पांढरी रेघ देते, आणि पडद्यावर ती कधीच दिसत नाही.

दोन बाजूंचं कार्ड एकाच फाइलमध्ये शेजारी-शेजारी दोन पानांवर करत असाल, तर आडव्या गाइड दोन्ही पानांना चालतात, उभ्या चालत नाहीत. गाइडला पानाची हद्द नसते. दुसऱ्या पानाच्या उभ्या गाइड पुन्हा आकड्यानं घाला.

सगळ्या गाइड बसवलेली रिकामी फाइल ‘सेव्ह टेम्प्लेट’नं ठेवून द्या. पुढच्या कार्डाला पायरी २, ५ आणि ६ पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

### कोरलड्रॉवर काम असेल तर

क्रम हाच. तीन फरक मात्र ध्यानात ठेवा. शून्य सुरुवातीला पानाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात असतं आणि वाय वर जाताना वाढतो, त्यामुळे वरच्या यादीतला आडवा आकडा ६० मधून वजा करून घ्या. यादी दोन्ही बाजूंनी सारखी असल्यानं गाइडच्या बाबतीत उत्तर तेच येतं, शिरोरेखेच्या २० चे मात्र ४० होतात. शून्य कुणी हलवलं असेल तर रूलरच्या कोपऱ्यावर डबल क्लिक केलं की ते जागेवर येतं. ग्रिडला स्नॅप कंट्रोल + वाय, वस्तूंना स्नॅप ऑल्ट + झेड.

तिसरा फरक महागात पडणारा. कोरलमध्ये गाइडचा स्वतंत्र लेयर असतो आणि त्याच्यापुढे प्रिंटरचं चिन्ह असतं. ते सुरुवातीला बंद असतं, पण चालू करता येतं. दुसऱ्याकडून आलेली फाइल असेल तर छपाईची प्लेट काढण्याआधी ते चिन्ह बंद आहे याची खात्री करा. चालू राहिलं तर गाइड कार्डावर छापून येतात.